घडीचा चाकू जाम झालाय, घरीच पाहू की वॉरंटीत टाकू?

काटोलरोड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. राहायला नागपुरात मानेवाड्यात, पण काटोलकडे घरची संत्र्याची बाग आहे म्हणून शनिवार-रविवार तिकडेच असतो. प्रश्न चाकूचा आहे, भांडणाचा नाही, आधीच सांगून ठेवतो.

साळ्याने गिफ्ट दिलेला विदेशी कंपनीचा घडीचा चाकू आहे, दोन पात्यांचा. एक मोठं साधं पातं आणि दुसरं छोटं, डोळे भरायचं (म्हणजे चांगल्या झाडाचा डोळा रोपावर बसवून कलम करायचं), ज्याला साल उचलायची बारीक जीभ असते ते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मग सगळे त्या कंपनीवरच सुरू होतात. तर झालं असं की मोठं पातं हळूहळू घट्ट होत गेलं आणि आता अशी अवस्था आहे की नखाने उघडतच नाही, नख तुटते पण पातं हलत नाही. पक्कडीला कापड गुंडाळून ओढलं तर अर्ध्यापर्यंत येते आणि तिथं अडकल्यासारखं होते, मग पुढे जाते. छोटं पातं मात्र एकदम मस्त चालते.

वापर म्हणाल तर सगळाच. जंबेरीच्या रोपांवर डोळे भरणं, सुतळी कापणं, ड्रिपची नळी कापणं, आणि बांधावर बसून मोसंबी-पेरू-कैरी कापणं. खोक्यावर आजीवन वॉरंटी लिहिलेली आहे, बिल साळ्याच्या मेलमध्ये असेल, तो देईल.

आता घरी प्रत्येकाचं आपलं वेगळं. वडील म्हणतात खोबरेल टाक, शेतावरचा गडी म्हणतो मातीच्या तेलात रात्रभर बुडव, एक मित्र म्हणतो पातं ज्यावर फिरते त्या सांध्याच्या खिळ्यावर हलका हातोडा मार आपोआप सैल होते. मी यूट्यूबवर पाहिलं तर एक जण मूठच खोलून बसला होता. हिवाळा सुरू आहे, डोळे भरायचं काम अंगावर आहे, त्यामुळे चाकू महिनाभर कंपनीकडे पाठवून बसायचा जीव होत नाही. पण उगाच खोलला आणि वॉरंटी गेली तर साळ्याला काय तोंड दाखवू.

म्हणून विचारून राहिलो, धुणं, तेल टाकणं याने वॉरंटी जाते का? की हात न लावता सरळ पाठवून द्यावा? कोणी असं काही केलं असेल तर सांगा.

बर्डीवाला

संत्रं सोलायले चाकू काऊन लागते बे?

जोक जाऊ दे. डब्ल्यूडी-४० मार, थोडा वेळ थांब, दोन-चार वेळा खोल-बंद कर, खेळ खतम. वॉरंटी-बिरंटीचं काही खरं नसते भाऊ, कार्ड ड्रॉवरमध्येच म्हातारं होते.

काटोलरोड

भाऊ मी मोसंबी लिहिलं आहे, नीट वाच. संत्रं आम्ही पण हातानेच सोलतो.

रानवाटा

काटोलरोड दादा, कोणाचंच ऐकून अजून तेल टाकू नका, कुठलंच. आधी हे पाहा की घट्टपणा नक्की कुठे आहे, कारण वॉरंटीत टाकायचा की घरी करायचा याचं उत्तर तिथेच मिळतं.

पातं उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच जड जात असेल, चिकट चिकट वाटत असेल, तर आत घाण आहे. फक्त पहिल्या झटक्याला जोर लागतो आणि मग पुढे सरळ जातं असं असेल तर बहुतेक तो स्प्रिंगचा नैसर्गिक ताण आहे, या प्रकारच्या चाकूत पाठीमागे एक लांब पट्टी असते तीच पात्याला बंद आणि उघड्या अवस्थेत धरून ठेवते, ती कडकच असायला पाहिजे नाहीतर खिशात चाकू उघडेल. नवीन चाकू म्हणूनच थोडा कडक असतो आणि वापराने नरम पडतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे एका विशिष्ट जागी खर्रकन अडकतं, प्रत्येक वेळी तिथेच. त्याचा अर्थ काहीतरी वाकलंय, किंवा खिळ्याजवळ गंजून खड्डे पडलेत, किंवा मुळात बनवतानाच फिटिंग चुकलंय. तुमच्या लिहिण्यावरून तुमच्याकडे पहिला आणि तिसरा दोन्ही वाटतायत, म्हणून आधी पहिला काढून टाकायचा. त्याशिवाय तिसरा खरा आहे की भास ते कळणार नाही.

आता पहिल्याचं. मोसंबी, पेरू, कैरी कापता म्हणजे पात्याच्या बुडाशी रस उतरतो. रसात साखर असते, तो उन्हात वाळला की चिक्कीच्या पाकासारखा कडक होऊन बसतो आणि त्यात बागेतली माती मिसळते. कैरीचा चीक त्याहून वाईट. आणि इथेच सगळे फसतात, साखर तेलात विरघळत नाही, ती पाण्यात विरघळते. तुम्ही त्यावर तेल ओतलं की वरवर दोन दिवस बरं वाटतं, साखर तिथल्या तिथेच राहते, वर तेलाला आणखी माती चिकटते.

म्हणून आधी कोमट पाणी, हात सोसेल एवढं, उकळतं नको कारण प्लास्टिकच्या मुठी उकळत्या पाण्यात खराब होतात. त्यात भांड्याच्या लिक्विडचे थेंब. चाकू त्यात ठेवायचा आणि पाण्यातच पातं हळूहळू उघडायचं मिटायचं, जेवढं जातं तेवढंच, जोर नाही. जुना टूथब्रश सांध्यात घालायचा, टूथपिकने खाचेतला काळा मळ काढायचा. पाणी गढूळ झालं की बदला. स्विस चाकूवाली व्हिक्टोरिनॉक्स कंपनी स्वतःच आपल्या चाकूंसाठी हेच सांगते, कोमट पाण्यात उघडझाप करा, वाळवा, सांध्यावर तेलाचा थेंब टाका. आता कंपनीच जे करायला सांगते त्याने वॉरंटी कशी जाईल. तुमच्या खोक्यात जो कागद आहे त्यातही देखभालीच्या दोन ओळी असतीलच, वाचून घ्या.

वाळवणं महत्त्वाचं. सगळी पाती अर्धी उघडी ठेवून पंख्याखाली. घाई असेल तर हेअर ड्रायर. मग सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब, उघडझाप, बाहेर आलेलं तेल पुसून टाका. तेल कोणतं तर फळं कापता म्हणून शिलाई मशीनचं शक्यतो नको, केमिस्टकडून साधं लिक्विड पॅराफिन घ्या, पोट साफ व्हायला देतात ते. फक्त साधं मागा, दुधाळ औषध मिसळलेलं येतं ते नको.

खोबरेलाबद्दल वडिलांना सांगा की ते साधारण २४-२५ अंशाच्या खाली गोठतं. आपल्याकडे डिसेंबरच्या सकाळी बाटलीत पांढरा दगड होतो की नाही? तोच दगड चाकूच्या सांध्यात. आणि खाण्याची बाकीची तेलं, जवस-करडी वगैरे, हवेने चिकट होतात, कढईच्या बाहेरचा चिकट थर आठवा.

डब्ल्यूडी-४० ची गोष्ट अशी की ते १९५३ मध्ये अमेरिकेत रॉकेट केमिकल नावाच्या कंपनीने बनवलं ते धातूवरचं पाणी हटवायला आणि गंज रोखायला. गंजलेला बोल्ट सोडवायला झकास. पण त्यातला बराच भाग उडून जातो, मागे राहतो तो अगदी पातळ थर, त्यामुळे सांध्याला कायमचं वंगण म्हणून पुरत नाही. आणि ज्या पात्याने पेरू कापणार त्यावर ते नकोच.

बर्डीवाला

एवढं मोठं प्रवचन. बरं चालते, लिक्विड पॅराफिन लिहून ठेवलं.

लेथवाला हिंगणा

मी हिंगण्याच्या एमआयडीसीत वर्कशॉपवर काम करून राहिलो, लेथ आणि ग्राइंडिंग. चाकू काही आमचा धंदा नाही पण खिळा, वाशर आणि भोक हे रोजचं हाय म्हणून सांगतो.

काटोलरोड भाऊ, पहिले मले एक सांग, सांध्यावर स्क्रू दिसते का गुळगुळीत खिळा दिसते? स्क्रू म्हणजे चांदणीसारखी सहा टोकाची खाच असते, टॉर्क्स म्हणते त्याले. जर स्क्रू असन तर त्यात थोडंफार ॲडजस्टमेंट असते. पण तू डोळे भरायचा चाकू म्हणून राहिला म्हणजे माह्या अंदाजाने रिवेटवाला हाय. रिवेट म्हणजे खिळा दोन्ही बाजूनं ठोकून बसवलेला, तो खोलाचा म्हणजे तोडाचाच. एकदा तोडला की तसा परत बसवाले त्याच मापाचा खिळा पाहिजे, भोक पाहिजे, आणि किती ठोकाचं याचा हात पाहिजे. थोडा जास्त ठोकला तर पातं जाम, कमी ठोकला तर पातं लुडबुडते.

तो हातोडीवाला मित्र हाय ना तुहा, त्याले नमस्कार सांग. खिळ्याच्या डोक्यावर मारलं की खिळा आखूड आन जाड होते, म्हणजे सांधा आणखी घट्ट होते. ढिल्या कैचीचा खिळा लोहार ठोकते तो घट्ट करासाठीच ठोकते, सैल करासाठी नाई.

पक्कड पण बंद कर. कापड गुंडाळलं तरी पातं बाजूले वाकते आन सगळा जोर त्या एका खिळ्यावर येते. वरून पात्यावर पक्कडीचे दात उमटले तर वॉरंटीवाले पहिले तेच पाहते, म्हणन तुम्हीच जोर लावून वाकवला. ओढाचंच असन तर पातं अंगठा आन बोटाच्या चिमटीत धर, धार तुह्याकडे नको, जाड रबरी हातमोजा घाल.

आन अजून एक, सायकलवर सान घेऊन फिरते तो धारवाला, त्याच्याकडे हा चाकू दिला होता का कधी? कोरड्या सानेवर पातं तापते, काठ निळा-तांबडा पडते, मग तेवढ्या भागाचं पाणी उतरलं समजाचं, धार टिकत नाही. तसं असन तर वॉरंटी विसर.

काटोलरोड

लेथवाले काका, बरोबर ओळखलं, खिळाच आहे, पितळेसारखा पिवळा दिसतो, स्क्रू नाही. धारवाल्याकडे दिलेला नाही, धार मी स्वतः पाण्याच्या दगडावर लावतो.

रानवाटा, आज संध्याकाळी धुऊन पाहतो. एक विचारायचं राहिलं. डोळे भरताना एका झाडाचा रोग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून आम्ही चाकू सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवतो, मग दुसऱ्या झाडाला लावतो. त्याने काही होत असेल का? स्टेनलेस लिहिलेलं आहे पात्यावर.

रानवाटा

अहो हेच तर पहिल्या पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं!

हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीच. स्टेनलेसचा अर्थ गंज धरतच नाही असा नाही. त्यात क्रोमियम असतं, त्याचा एक अतिशय पातळ थर वर तयार होतो आणि तो स्टीलला राखतो. क्लोरीनवाली रसायनं नेमका तोच थर फोडतात आणि मग टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. उघड्या पात्यावर तुम्ही पुसता म्हणून दिसत नाही, पण सांध्याच्या आत जिथे फडकं पोचत नाही तिथे ते पाणी तसंच राहतं. शिवाय चाकूच्या पात्याचं स्टेनलेस हे ताट-वाटीच्या स्टेनलेसपेक्षा वेगळं असतं, धार टिकावी म्हणून त्यात कार्बन जास्त असतो, आणि त्यामुळे ते गंजाला जरा लवकर बळी पडतं.

बुडवणं बंद करा असं मी म्हणणार नाही, लिंबूवर्गीय झाडांत हत्यारातून रोग पसरतात आणि चांगल्या नर्सरीत हत्यार निर्जंतुक करतातच. फक्त पूर्ण चाकू सांध्यासकट बुडवू नका. पातं उघडून टोकाकडचा भाग तेवढा बुडवा, आणि दिवसाचं काम झालं की साध्या पाण्याने सांध्यासकट धुऊन वाळवून तेलाचा थेंब. किंवा फडक्यावर स्पिरिट घेऊन पातं पुसा, पण मग ते उडेपर्यंत थांबायचा धीर पाहिजे आणि जवळ बिडी नको.

बाय द वे मोठं पातं आखडलं आणि छोटं चांगलं आहे याचंही कोडं सुटतंय का पाहा. डोळे तर छोट्याने भरता ना? मग बुडतं ते छोटं, पण बुडवताना मोठं मिटलेलं असतं आणि पाणी मुठीतून त्याच्या सांध्यात उतरून तिथेच साचतं. छोटं दिवसभर उघडझाप होतं, मोठं मिटलेलंच राहतं. असा माझा अंदाज.

पेचकस पार्टी

सगळे वॉरंटी वॉरंटी करून राहिले म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी घरी सगळंच खोलतो, मिक्सर, पंखे, सायकलचे हब, आणि चाकू पण. चाकू म्हणजे काय रॉकेट नाही. माझं म्हणणं एवढंच की स्क्रूवाला चाकू असेल तर वॉरंटीत टाकणं म्हणजे मच्छर मारायला महापालिकेची गाडी बोलावणं.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो कारण प्रश्नकर्त्याचा रिवेटवाला आहे. स्क्रूवाल्या चाकूत बहुतेक टी-६ किंवा टी-८ टॉर्क्स लागतो. तो चांगला घ्या, मोबाईल रिपेअरच्या त्या शंभर रुपयांच्या डबीतला नको, ते टोक मऊ असतं आणि स्क्रूची खाच गोल करून टाकतं, मग रडत बसा. सांध्याचा स्क्रू एका फेऱ्याच्या आठव्या भागाएवढा सैल करून पाहा, पुष्कळदा तेवढंच पुरतं. फिरतच नसेल तर जोर लावू नका, कारखान्यात त्यावर लॉकटाइटसारखा गोंद लावतात. निळा असेल तर हाताने सुटतो, स्क्रूच्या डोक्याला सोल्डरिंग आयर्नचं टोक थोडा वेळ लावलं की नरम पडतो. लाल असेल तर अडीचशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं, त्या भानगडीत घरी पडू नका.

आत दोन्ही बाजूंना वाशर असतात, काही चाकूंत फॉस्फर ब्राँझचे, काहींत प्लास्टिकचे, ज्या बाजूचा जसा निघाला तसाच परत बसवायचा, फोटो काढत जा. आणि सैल केल्यावर लॉक, म्हणजे उघडं पातं धरून ठेवणारी कळ, तपासा, पातं उघडून लॉक बसलाय ना, पातं डावी-उजवीकडे हलत नाही ना. बोटं पात्याच्या वाटेत ठेवून तपासू नका. जास्त सैल केलं आणि लॉक घसरला तर पातं बोटावर मिटतं आणि मग मेडिकल चौकात टाके.

वॉरंटी जाते का? काही कंपन्यांच्या कागदात साफ लिहिलेलं असतं की खोलला तर आमची जबाबदारी नाही, काहींत लिहिलेलं नसतं. ते वाचून ठरवायचं. मी तरी वॉरंटी म्हणजे चाकूच्या किमतीत आधीच भरलेले पैसे समजतो, गेले तर गेले.

लेथवाला हिंगणा

पेचकस भाऊ, तुमचं स्क्रूवाल्याचं बरोबर हाय, मानलं. पण गेले तर गेले हे तुमच्या चाकूबद्दल बोला. याच्या साळ्यानं दिलेला हाय. घरात वर्षभर ऐकावं लागन ते तुम्ही येऊन ऐकणार का?

पेचकस पार्टी

हा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता.

तक्रार निवारण

वॉरंटीच्या बाजूने थोडं, कारण वर कोणीतरी वॉरंटीचं काही खरं नसते लिहिलंय आणि ते वाचून माझं डोकं फिरलं.

आजीवन वॉरंटी म्हणजे काहीही झालं तरी नवीन मिळेल असं नाही. व्हिक्टोरिनॉक्स स्टीलच्या भागांना काळाची मर्यादा न घालता हमी देते, लेदरमन ही दुसरी चाकू-पक्कडवाली कंपनी २५ वर्षांची देते, पण दोन्हीकडे ती हमी माल आणि बनावट यातल्या दोषाची आहे. झीज, निष्काळजीपणा, भलत्या कामाला वापर यात बसत नाही. स्क्रू काढायला पात्याचं टोक वापरलं आणि तुटलं तर तो दोष नाही. उलट खिळा कारखान्यातच जास्त ठोकला गेला किंवा स्प्रिंग वाकडी बसली तर तो दोष आहे आणि तो पाच वर्षांनी लक्षात आला तरी दोषच. ब्लीचने झालेला गंज कशात बसेल हे कंपनी ठरवेल, पण खोटं सांगू नका. मेलमध्ये लिहायचं तेवढं खरं लिहा, साधारण वापर, काय लक्षण आहे, साफ केल्यावर काय राहिलं.

कुणाला लिहायचं? पहिले खोक्यावरचं स्टिकर शोधा. आपल्याकडे २०११ चे पॅकेज्ड कमोडिटीज नियम आहेत, त्यानुसार बाहेरून आलेल्या पॅक मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. तो आयातदार म्हणजे तुमचा माणूस. परदेशातल्या हेड ऑफिसला चाकू पाठवायचा विचार करू नका, जाताना कुरिअर, येताना कस्टम, चाकूपेक्षा खर्च मोठा. स्टिकरच नसेल, म्हणजे कोणीतरी बॅगेत टाकून आणलेला किंवा ऑनलाइन कुठल्या तरी विक्रेत्याने परस्पर आणलेला असेल, तर भारतातला आयातदार तो आमचा माल नाही म्हणून हात वर करू शकतो. त्यामुळे साळ्याला आधी विचारा कुठून घेतला.

गिफ्ट आहे म्हणून घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा पण ग्राहकच धरलाय. बिल साळ्याच्या नावाचं असलं तरी चालतं, त्याच्या मेलमधून तुम्हाला फॉरवर्ड करून घ्या. उत्तरच आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन, ते कंपनीला तक्रार पाठवतात आणि बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. या कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, आयातदार मुंबईत असो की दिल्लीत, तुम्ही नागपुरातच टाकायची. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, आणि प्रकरण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. अर्थात एका चाकूसाठी कोणी आयोगात जात नाही, पण मेलमध्ये कायद्याचा उल्लेख असला की उत्तर लवकर येतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

मेलला फोटो जोडा, चारही बाजूंनी, सांध्याचा जवळून. उघडताना अडकतो त्याचा छोटा व्हिडिओ असेल तर फारच चांगलं. पाठवण्याआधीचेच फोटो हवेत.

बर्डीवाला

माझंच नाव घ्या ना सरळ, वर कोणीतरी काय. बरं, १९१५ सेव्ह केला.

सेमिनरी हिल्स

थोडं अवांतर, पण माझा लाकडी मुठीचा घडीचा चाकू दर पावसाळ्यात असाच अडकतो आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळा होतो. तो पण वॉरंटीत टाकायचा का?

रानवाटा

नाही नाही, ते लाकूड फुगतं. फ्रान्सच्या ओपिनेलसारख्या चाकूंत लाकडाच्या चिरेतच पातं बसतं, पावसाळ्यात लाकूड ओलावा पितं आणि चीर आवळते. नागपुरात तर मे महिन्यात लाकूड कडकडीत वाळतं आणि जुलैत पाणी पितं, त्यामुळे जास्तच. मुठीचं मागचं टोक टेबलाच्या लाकडी कडेवर हलकं आपटलं की पातं थोडं वर येतं, तिकडे सावोयचे लोक पूर्वीपासून असंच करतात. मे महिन्यात चिरेत आणि सांध्यात थोडी व्हॅसलीन चोळून ठेवा, पाणी कमी शिरेल. घासून चीर रुंद करू नका, उन्हाळ्यात पातं ढिलं पडेल.

काटोलरोड

अपडेट देतो. कोमट पाण्यात धुतला, बायको म्हणाली एवढ्या प्रेमाने घरातली भांडी घासली असती तर, जाऊ द्या. पहिलं पाणी चहासारखं निघालं, टूथपिकने खाचेतून काळा मळ निघाला तो वेगळाच, त्यात सुतळीचे धागे पण होते. दुसऱ्या पाण्यात तांबूस रंग होता म्हणजे गंज आहेच. मग पंख्याखाली ठेवला, केमिस्टकडून लिक्विड पॅराफिन आणलं (त्याने पहिले दुधाळ बाटलीच काढली होती, रानवाटा थँक्स) आणि थेंब टाकला.

आता नखाने उघडते! सुरुवातीचा चिकटपणा पूर्ण गेला. पण मधे जिथे अडकत होतं तिथे अजूनही अडकते, कमी झालं पण खर्र असा आवाज येतो आणि बोटाला जाणवते. उघडताना पण आणि मिटताना पण, त्याच जागी. टॉर्च मारून पाहिलं तर पात्याच्या बुडाचा जो गोल भाग स्प्रिंगवर घासतो तिथे एक चरा आहे, आणि स्प्रिंगच्या टोकाला पण तसाच. पातं मिटल्यावर मुठीच्या आतल्या एका बाजूच्या पत्र्याला जरा टेकते असंही वाटते. हे घासपेपरने गुळगुळीत करून टाकू का? झिरो नंबरचा आहे घरी.

लेथवाला हिंगणा

नको. हात नको लावू.

तो जो गोल भाग हाय ना, त्याच्याच आकारावर पातं किती जोरानं बसते आन उघडं कसं राहते ते ठरते. तिथलं थोडंसं जरी घासलं तरी उघडं पातं मागं-पुढं हलाले लागन, डोळा भरताना हात घसरला तर अंगठ्यात जाईन. चरा दोन्हीकडे एकाच जागी हाय म्हणजे मधात माती नाहीतर गंजाचा कण सापडून रगडला गेला असन, किंवा पातं तिरपं बसून घासून राहिलं. पत्र्याला टेकते म्हणतो म्हणजे मले दुसरं जास्त वाटते. ते पक्कडीनं झालं का पहिल्यापासून तसंच होतं हे मी इथून नाही सांगू शकत. तुह्या घरी साळ्यानं दिला तेव्हाचा एखादा फोटो असन तर पाह्य, पातं तेव्हा पण एका बाजूले होतं का. तसं असन तर बनावटीतलंच हाय, वॉरंटीत टाक बिनधास्त.

तक्रार निवारण

काकांनी लाखातलं सांगितलं, जुना फोटो शोधाच. व्हॉट्सअ‍ॅपवर गिफ्ट मिळाल्यावर फोटो टाकला असेलच, आपले लोक टाकतातच.

काटोलरोड

आहे! फॅमिली ग्रुपवर सापडला. मोठं पातं अर्धं उघडं धरलेलं आहे, त्यात कळत नाही, पण दुसऱ्या फोटोत मिटलेलं आहे वरून काढलेलं, त्यात पातं साफ डाव्या बाजूला सरकलेलं दिसते, मधे फट नाहीच. म्हणजे पक्कड लावायच्या आधीपासूनच. खोक्यावर स्टिकर पण आहे, आयातदार मुंबईचा, मेल आयडी दिलेला आहे. आज रात्री टाकतो, दोन्ही फोटो आणि व्हिडिओ. पक्कडीचं लिहू का?

तक्रार निवारण

लिहा. घट्ट झाल्यावर कापड गुंडाळून पक्कडीने उघडला एवढं एका ओळीत. ब्लीचचं पण. आणि मेलमध्ये विचारा की चाकू कुठल्या कुरिअरने पाठवायचा आणि खर्च कोणाचा, त्यांचं उत्तर लेखी येऊ द्या, मगच पाठवा. काही कुरिअरवाले चाकू म्हटलं की घेत नाहीत, तेव्हा काउंटरवर लपवून देऊ नका, सांगून द्या. पाती मिटवून रबर लावायचं, जाड पुठ्ठ्यात गुंडाळायचं, वर मेलची प्रिंट आणि बिलाची कॉपी. मुंबईला कोणी ओळखीचा विमानाने जात असेल तर चेक-इन बॅगेत, हातातल्या बॅगेत टाकला तर तिथेच जप्त.

काटोलरोड

ठीक आहे. मग तोवर डोळे कशाने भरू हा प्रश्न राहिलाच, छोटं पातं चांगलं आहे पण चाकूच जाणार.

लेथवाला हिंगणा

कॉटन मार्केटकडे बी-बियाण्याच्या दुकानात देशी कलमाचा चाकू मागून पाह्य, सिझनले ठेवते ते. लाकडी मुठीचा मिळन, पातं साध्या लोखंडाचं असन तर गंजन लवकर, पण धार लावाले सोपा. ब्लीचच्या पाण्यातून काढला की लगेच साध्या पाण्यात बुडवून पुसून घेजो.